नोकरी गेली, तरी दाखल्यावर उत्पन्न तेवढंच

पत्र: आम्ही धायरीत राहतो. मिस्टर भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते, पगार महिना ३५,०००. नोव्हेंबरअखेर त्यांच्यासकट बऱ्याच जणांना कमी केलं. कंपनीचा मेडिक्लेमही त्याच दिवशी संपला. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला पाच हजार सुटतात. जानेवारीत त्यांच्या छातीत दुखलं, अँजिओग्राफी झाली. दोन ठिकाणी ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात अँजिओप्लास्टी करून घ्या. खासगीत २,४०,००० रुपयांचं एस्टिमेट मिळालं. एका धर्मादाय रुग्णालयात गेलो, तिथे उत्पन्नाचा दाखला मागितला. दाखला काढला तर त्यावर ४,८०,००० आले आणि 'बसत नाही' म्हणून परत पाठवलं. रेशनकार्ड पांढरं आहे, त्यावर दिरांच्या कुटुंबाचीही नावं आहेत, पण ते हडपसरला वेगळे राहतात. दाखला काढून देणारा सेंटरवाला म्हणतो, नवा अर्ज करा आणि उत्पन्न शून्य दाखवा. घरात सासूबाई आहेत, वय ७४, त्यांना पेन्शन नाही. आज घरात पगार येत नाही, मग आम्ही गरिबात का बसत नाही? – एक भगिनी, धायरी

उत्तर:

ताई, आधी तातडीचं सांगतो. अँजिओप्लास्टीसाठी तुम्हाला उत्पन्नाच्या दाखल्याची वाट बघायची गरज नाही. तो कागद सध्या बाजूला ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता उत्पन्नाची अट नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं ती सुरू झाली, तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरतीच होती. पांढरं कार्ड दाखवलं की काउंटरवरूनच नकार मिळायचा. शेजारीपाजारी आणि सेंटरवाले अजून तेच सांगतात, कारण त्यांच्या डोक्यात तोच नियम बसला आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना लागू झाली, आणि १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. कार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. अँजिओप्लास्टी त्यात आहे.

ज्या रुग्णालयानं तुम्हाला परत पाठवलं, त्यांनी धर्मादाय योजनेच्या हिशेबात चूक केली नाही. ती योजना वेगळी आणि तिची मर्यादाही वेगळी. अडचण अशी की बहुतेक माणसं रुग्णालयात जाऊन 'गरिबांसाठी काही आहे का' एवढंच विचारतात. समोरचा त्याच्या टेबलावरच्या योजनेचं उत्तर देतो आणि माणूस निराश होऊन घरी येतो. म्हणून यापुढे योजनेचं नाव घेऊन विचारा.

आता क्रम सांगतो. योजनेच्या संकेतस्थळावर किंवा १५५३८८ या क्रमांकावर (दुसरा क्रमांक १८०० २३३ २२००) पुणे जिल्ह्यातल्या अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयांची यादी मिळते. फोनवर 'हे रुग्णालय योजनेत आहे का' एवढं विचारून ठेवू नका. 'हृदयरोगासाठी आहे का' असं विचारा. रुग्णालयं विशेषतज्ज्ञ सेवेनुसार जोडलेली असतात. एखादं हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असतं, पण हृदयासाठी नसतं. बाहेर योजनेचा फलक दिसतो, आत गेल्यावर नकार मिळतो, आणि रुग्णाचे दोन दिवस जातात. ससून योजनेत आहे. खासगीतलंही एखादं जवळचं निघेल. दोन-तीन नावं हाताशी ठेवा.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंग काउंटरकडे जाऊ नका. आरोग्यमित्राचा कक्ष शोधा. तो योजनेचा माणूस असतो, नोंदणी तोच करतो. सोबत रेशनकार्ड मूळ आणि प्रत, यजमानांचं आधार, अँजिओग्राफीचा अहवाल आणि अँजिओग्राफीची सीडी न्या. सीडीचं मुद्दाम सांगतो, कारण हृदयाच्या केसेस तिथेच अडकतात. मंजुरी देणारा डॉक्टर नुसता छापील अहवाल बघून थांबत नाही, त्याला नळी किती अरुंद झाली आहे ते चित्रात बघायचं असतं. सीडी नसली की 'क्वेरी' येते, फाइल परत फिरते आणि रुग्ण खाटेवर वाट बघत राहतो. ज्या ठिकाणी अँजिओग्राफी झाली तिथून ती मागून घ्या. तुमच्या तपासणीची आहे, द्यायलाच हवी. एकदा घरी किंवा सेंटरवर लावून बघा. काही सीडी कोऱ्याच निघतात.

नोंदणी, मग रुग्णालयाकडून पूर्वमंजुरीचा अर्ज, मग मंजुरी, मग शस्त्रक्रिया, असा हा क्रम आहे. मंजुरी यायच्या आधी डिपॉझिट भरू नका. योजना रोखरहित आहे. आधी भरा, नंतर परत मिळतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या खिशातून भरलेल्या बिलाची भरपाई ही योजना देत नाही. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, डॉक्टरांची फी, औषधं, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी), रुग्णाचं जेवण सगळं धरलेलं असतं. 'योजनेतला स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर वरचे पैसे द्या' हे वाक्य कानावर आलं, तर ते कोण बोललं ते लिहून घ्या आणि तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याच वेळा कारणच उरत नाही.

रेशनकार्डाबाबत तीन गोष्टी आजच तपासा. कार्डावर यजमानांचं नाव आहे का, कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का, आणि आधारवरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळतं का. जुन्या पांढऱ्या कार्डांवर बारा अंकी क्रमांक नसतो, कारण त्यावर धान्य मिळत नाही आणि त्यामुळे ती संगणकावर चढवायची कुणाला घाई नव्हती. तुमच्या परिमंडळाच्या शिधापत्रिका कार्यालयात सगळ्यांची आधारं दिली की क्रमांक मिळतो. आधारवर 'बाळासाहेब' आणि कार्डावर 'बाळू' अशी तफावत असेल तर आरोग्यमित्राला आधीच सांगा, तो लागणारा जास्तीचा कागद सांगेल. कार्डाचं काम रखडलंच तर अधिवास प्रमाणपत्रावरही योजना मिळते, हे लक्षात असू द्या.

दिरांची नावं त्याच कार्डावर आहेत, याचा एक परिणाम तुम्हाला माहीत असायला हवा. ५ लाख रुपये माणशी नाहीत, कुटुंबाला आहेत, आणि कुटुंब म्हणजे कार्डावरची माणसं. या वर्षी दिरांच्या घरी कुणाची शस्त्रक्रिया योजनेतून झाली असेल तर तेवढी रक्कम तुमच्यातूनच वजा झालेली असेल. त्यांना एकदा विचारून घ्या. पण लगेच कार्ड विभक्त करायला धावू नका. नावं कमी करणं, नवं कार्ड काढणं, नवा क्रमांक मिळणं यात वेळ जातो, आणि मधल्या काळात नोंदणी करताना 'नाव सापडत नाही' असं होऊ शकतं. अँजिओप्लास्टी आणि त्यानंतरची तपासणी झाली, की मग शांतपणे करा. करा मात्र नक्की. का ते दाखल्याबद्दल बोलताना सांगतो.

या दिवसांत छातीत पुन्हा दुखलं, घाम फुटला, दम लागला, तर यादी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. आणीबाणीत योजनेत फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात. धर्मादाय रुग्णालयावरही बंधन आहे की जीव धोक्यात असताना अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं आणि रुग्ण स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे. तिथे उत्पन्न किती, दाखला कुठे, हे प्रश्न नंतरचे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आज घरात पगार नाही, तरी दाखला ४,८०,००० कसा सांगतो?

दाखला आजची परिस्थिती सांगत नाही. तो सरलेल्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांचं, कुटुंबाचं एकूण उत्पन्न सांगतो. तुम्ही तो आत्ता, मार्च संपायच्या आधी काढलात. त्यामुळे तहसीलदारांसमोर मागचं पूर्ण वर्ष होतं: पगार ३५,००० गुणिले १२, म्हणजे ४,२०,०००, आणि तुमचं शिवणकाम ६०,०००. बेरीज ४,८०,०००. हिशेब बरोबर आहे. नोकरी गेल्याचा महिना त्या वर्षात येतच नाही. बेरोजगारी हा निकष धर्मादाय योजनेत स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. निकष आहे तो कागदावरच्या वर्षाचा, आणि नोकरी गेलेल्या माणसाच्या बाबतीत कागद नेहमी मागे चालतो. हा अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या महिन्यात माणसाला आधार सर्वांत जास्त लागतो, त्याच महिन्यात त्याचा दाखला त्याला सर्वांत सधन दाखवतो. पण त्यावर उपाय खोटा आकडा हा नाही.

शून्य लिहू नका. एक तर ते खोटं आहे, तुम्ही शिवणकाम करता. अर्जासोबत स्वयंघोषणापत्र असतं, आणि त्यात खोटी माहिती दिली तर गुन्हा ठरतो हे त्याच कागदावर छापलेलं असतं. सही सेंटरवाल्याची नसते, तुमची असते. दुसरं म्हणजे शून्य चालतही नाही. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) पहिला प्रश्न विचारतो की मग घर कसं चालतं, भाडं कोण भरतं, वीजबिल कोण भरतं. उत्तर नसेल तर अर्ज त्रुटीत जातो. आणि चुकून दाखला मिळालाच, तर रुग्णालयाचे समाजसेवा अधिकारी बँकेचं पुस्तक मागतात. नोव्हेंबरपर्यंत दरमहा पगार जमा झालेला त्यात दिसतो. मग खरी अडचण सांगितली तरी कुणी ऐकून घेत नाही.

त्यापेक्षा १ एप्रिलची वाट बघा. एप्रिलमध्ये नवा अर्ज केला की या वर्षाचा हिशेब लागेल: एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिन्यांचे २,८०,००० आणि तुमचे ६०,०००. एकूण ३,४०,०००. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत दोन पायऱ्या आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर 'निर्धन', आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर 'दुर्बल घटक'. पूर्वी या मर्यादा ८५,००० आणि १,६०,००० होत्या. जुने फलक आणि जुनी माहिती अजून फिरते, तेव्हा काउंटरवर जुना आकडा ऐकू आला तर नवा सांगा. ३,४०,००० वर तुम्ही दुर्बल घटकात बसता.

पण फक्त वीस हजारांनी. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये हिशेब मिटवताना काय काय मिळालं ते नीट बघा. बोनस, शिल्लक रजेचा पगार, नोटिशीच्या महिन्याचा पगार या वर्षाच्या उत्पन्नात येऊ शकतात आणि आकडा ३,६०,००० च्या वर जाऊ शकतो. भविष्यनिर्वाह निधी काढला असेल तर तो वेगळा. ती वर्षानुवर्षांची बचत आहे, आणि सलग पाच वर्षांहून जास्त नोकरीनंतर काढलेल्या पीएफवर आयकरही लागत नाही. पण बँकेच्या पुस्तकात मोठी रक्कम एकदम जमा झालेली दिसते आणि तलाठी ती उत्पन्न समजू शकतो. पीएफ कार्यालयाचा कागद, ग्रॅच्युइटी किंवा छाटणीची भरपाई मिळाली असेल तर कंपनीचं पत्र, हे अर्जाला जोडा. कुठली रक्कम कशाची, हे अधिकाऱ्याला कागदावर दिसायला हवं. लपवलं तर संशय येतो, वेगळं दाखवलं तर निर्णय नीट होतो.

एप्रिलमध्ये एक अडचण येते. कंपनीकडून फॉर्म १६ मिळायला जून उजाडतो. तोवर एप्रिल ते नोव्हेंबरच्या पगाराच्या स्लिपा, कामावरून कमी केल्याचं पत्र आणि बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लावा. कमी केल्याचं पत्र कंपनीनं दिलं नसेल तर आजच ईमेलवर मागा. तारखेसकट लेखी उत्तर आलं तरी उपयोगी पडतं. डिसेंबरपासून पगार थांबला हे सिद्ध करणारा तोच एक कागद आहे. शिवणकामाची पावती नसते, तिथे स्वयंघोषणा चालते. खरा आकडा लिहा.

तालुका निवडताना जपून. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण महसुलाच्या दृष्टीनं गाव हवेली तालुक्यात आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर घाईत 'पुणे शहर' निवडलं तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि नाकारला जाऊन परत येतो. दिवस मात्र तुमचे जातात. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन दाखले मिळतात. तुम्हाला एक वर्षाचाच हवा. तीन वर्षांच्या दाखल्यात मागची पगाराची वर्षं छापून येतील आणि वाचणारा ती आधी वाचेल.

इथेच दिरांचा प्रश्न येतो. अर्जाला पुरावा म्हणून तुम्ही ते रेशनकार्ड जोडाल, आणि त्यावर दिरांचं नाव दिसलं की त्यांचं उत्पन्न कुठे आहे असं विचारलं जाईल. ते कमावते असतील आणि त्यांची बेरीज झाली तर तुम्ही कुठल्याच पायरीवर बसणार नाही. म्हणून उपचार उरकले की विभक्त शिधापत्रिका. तोवर, त्यांचा हडपसरचा भाडेकरार किंवा वीजबिल आणि वेगळं राहत असल्याचं त्यांचं लेखी निवेदन जोडता येईल.

दुर्बल घटकात बसून मिळतं काय, तेही स्पष्ट असावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं ही योजना २००६ पासून लागू आहे. तिचा आधार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं कलम ४१कक. धर्मादाय रुग्णालयानं एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवायच्या, आणि सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. पुण्यात रुबी हॉल, जहांगीर, केईएम, दीनानाथ मंगेशकर ही मोठी नावं याच कायद्याखाली येतात. निर्धनाला काहीच भरावं लागत नाही. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, वापराचं साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीनं लावायची असतात आणि त्याच्या किमान निम्मी रक्कम रुग्णानं भरायची असते. अँजिओप्लास्टीत मोठा वाटा स्टेंट, बलून आणि वायरचा असतो, त्यामुळे खरेदी किमतीचा मुद्दा फार मोलाचा आहे. बिलात स्टेंटची छापील किंमत लावलेली दिसली तर खरेदीची किंमत विचारा. तरीही बघा, दुर्बल घटकात पैसे भरावेच लागतात, फुले योजनेत ते लागत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी पहिला मार्ग फुले योजनेचाच. धर्मादाय योजना पुढच्या गरजेसाठी तयार ठेवा.

धर्मादाय रुग्णालयानं पात्र असूनही नाकारलं, किंवा 'खाट नाही' एवढंच तोंडी सांगितलं, तर तक्रार ढोले पाटील रोडवरच्या धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात करायची. तक्रारीत तारीख, वेळ, कुणाशी बोललात आणि दाखल्याची प्रत हवी. निर्धन आणि दुर्बल घटकाच्या किती खाटा आज रिकाम्या आहेत, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. तिथली उत्पन्नमर्यादा १,६०,००० आहे, आणि जो उपचार दुसऱ्या सरकारी योजनेत होतो त्यासाठी आधी तीच योजना वापरायला सांगतात. यंदा तिकडे वेळ घालवू नका. पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना हद्दीत राहणाऱ्यांसाठी आहे, पण तिचीही मर्यादा तुमच्या ३,४०,००० च्या बरीच खाली आहे. यजमानांना नोकरी मिळायला फार उशीर लागला, तर त्यापुढच्या एप्रिलचा दाखला १,६०,००० च्या आत येईल. तेव्हा या दोन्हींचा विचार पुन्हा करा.

सासूबाईंचं काम सगळ्यांत सोपं आहे, म्हणूनच ते राहून जातं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवर जन्मसाल बरोबर आहे ना आणि चालू मोबाइल जोडलेला आहे ना एवढं बघा. अंगीकृत रुग्णालयात किंवा आयुष्मान ॲपवरून कार्ड निघतं. माहितीसाठी १४५५५. त्यांच्यासाठी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण राहतं. त्या आजारी पडल्यावर काढू, असं म्हणू नका. बोटांचे ठसे उमटत नाहीत, ओटीपी दुसऱ्याच नंबरवर जातो, आणि हे सगळं दवाखान्याच्या दारात कळतं.

ज्यांचा पगार २१,००० पर्यंत होता अशा वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण भोसरी-चाकणच्या कपातीत तेही बरेच आहेत. तुमच्या स्लिपेवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात असेल तर नोकरी सुटल्या दिवशी ईएसआय संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत वैद्यकीय लाभ सुरू राहतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोव्हेंबरमध्ये काढलेला कामगार ३० जूनपर्यंत बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात कुटुंबासह उपचार घेऊ शकतो. कार्ड फेकू नका. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदा, किमान दोन वर्षांच्या विमाबद्ध नोकरीनंतर. तिला मुदतवाढ मिळत आली आहे, ती चालू आहे ना हे शाखा कार्यालयात विचारून अर्ज करा. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती मिळत नाही.

ताई, शस्त्रक्रियेपर्यंत आणि नंतरही गोळ्या चालू राहतील. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, औषध सगळं मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. पुण्यात हे औंधच्या जिल्हा रुग्णालयाला लागू होतं. ससूनला नाही, कारण ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तिथे थोडं शुल्क लागतं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी औंधला मिळाली नाही तर जनऔषधी केंद्रात कंपनीच्या नावाऐवजी औषधातल्या घटकाच्या नावानं मागा. पैसे वाचवायला म्हणून स्टेंट टाकल्यावर गोळी मधेच बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच. नळी पुन्हा एकदम बंद होण्याचं ते मोठं कारण आहे. डिस्चार्ज घेताना फाइलमध्ये स्टेंटचं स्टिकर लावलेलं आहे ना बघा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. पुढे कुठल्याही डॉक्टरला तो लागतो.

एप्रिलमधल्या अर्जाला दाखला देण्याची मुदत १५ दिवसांची आहे. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ती बंधनकारक आहे. अर्जाची पावती आणि टोकन क्रमांक जपून ठेवा. मेपासून शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे अर्ज येऊन पडतात आणि तहसीलची रांग वाढते, म्हणून पहिल्या आठवड्यातच करा. सोळाव्या दिवशी दाखला हातात नसेल तर सेंटरवर विचारत बसू नका, 'आपले सरकार'वरच त्याच क्रमांकावर पहिलं अपील टाका.